लिहायची परवानगी

१

माझ्या धंद्यात निम्मे फोन एकाच रडगाण्याचे असतात. "मॅडम, फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही." वकील असो, सीए असो, क्लासवाला असो, सगळ्यांची तऱ्हा एकच. एका कॉम्प्युटरवर फोल्डर ठेवायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या टेबलावरून ते वापरायचं. आता वाचायची परवानगी वेगळी आणि लिहायची वेगळी, हे त्यांना कोण सांगणार? वर विंडोजची कुलपं दोन. एक शेअरिंगचं, एक सिक्युरिटीचं. दोन्हींतलं जे कडक, तेच चालतं. लोक एक उघडतात, दुसरं विसरतात आणि मग माझ्या नावाने शंख करतात.

मी हेमा. राहते डोंबिवलीला, कामं करते ठाण्यापासून कल्याणपर्यंत. नवरा गेल्यावर त्याचंच नेटवर्किंगचं काम हातात घेतलं. सुरुवातीला लोक विचारायचे, "साहेब नाही आले?" मी म्हणायचे, "साहेब वर गेलेत, काम मला सांगा." तोंड माझं आधीपासून असंच आहे.

त्या दिवशी फोन आला तो माझ्या लेकीचाच. सान्वी वर्तकनगरला एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग करायची. नोकरी मीच लावून दिलेली. ऑस्वल्ड सर माझे जुने गिऱ्हाईक, सज्जन माणूस, आवाज म्हणून चढवायचा नाही.

"आई, सेव्ह होत नाहीये गं."

"घरचीच गिऱ्हाइकं राहिली होती आता. नवा कॉम्प्युटर घेतलात ना परवा?"

"हो. पण जुन्या फायली दिसतायत सगळ्या. फक्त लिहू देत नाही. सरांना आज कच्चा प्लॅन द्यायचाय सोसायटीला. ये ना गं, प्लीज."

मी मानपाड्याला होते. रिक्षा केली आणि निघाले.

२

ऑफिस म्हणजे जुन्या वसाहतीतला तळमजल्याचा फ्लॅट. बाहेरच्या खोलीत सर बसत, आतल्या खोलीत सान्वी. मागच्या स्वयंपाकघरात कुणी स्वयंपाक करत नसे. तिथल्या ओट्यावर, सिंकच्या बाजूला, एक म्हातारा कॉम्प्युटर कायम चालू असायचा. सगळ्या फायली त्याच्यात.

त्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट होणार होतं आणि प्लॅनचं काम सरांकडेच आलेलं. त्यासाठी आधी आहे ती इमारत टेपने मोजून जशीच्या तशी काढावी लागते. सान्वी तेच काढत होती. स्वतःचंच ऑफिस, स्वतःचीच खोली, स्वतःचंच टेबल. ते टेबल पश्चिमेच्या भिंतीला चिकटवलेलं. भिंतीपलीकडे हातभर रुंदीची गल्ली, ड्रेनेजचे पाइप आणि कंपाउंडची भिंत. बाकी काही नाही. हे मी आधी पाहिलेलं होतं, कारण केबल मीच त्या गल्लीतून ओढलेली.

ओट्यावरच्या कॉम्प्युटरवर परवानग्यांची यादी उघडली. लिहायची परवानगी फक्त दोघांना. एक सर आणि एक सान्वीचं जुनं नाव. नव्या मशीनवर तिचं नाव वेगळं पडलेलं, म्हणून तिला दार बंद. सरळ गोष्ट होती.

पण सगळ्यांत वर तिसरी एक नोंद होती. तिला नाव नाही, नुसता लांबलचक नंबर. असे नंबर मी हजारदा पाहिलेत. अकाउंट पुसलं की नाव जातं आणि नंबर मागे राहतो. घर सोडून गेलेल्या भाडेकरूची दारावरची पाटी राहते ना, तसं. त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते याचं, की त्या नंबरला वाचायला मुद्दाम परवानगी दिलेली आणि लिहायला मुद्दाम बंदी घातलेली. गेलेल्या माणसाला कोण कशाला बंदी घालेल?

"सर, हे कोणी केलंय?"

"देवरामने असेल. तुमच्याआधी तोच बघायचा ना. आता खडवलीला असतो, गावी."

"आणि अकाउंट कोणाचं?"

"कुणास ठाऊक. सान्वीच्या आधी माझा भाचा बसायचा तिथे, फ्लेव्हियन. तो कॅनडाला गेला. त्याचंच असणार."

असणार. मला तेवढं पुरलं. नीट करायचं तर सान्वीच्या नव्या नावाने इथे खातं उघडायचं, पासवर्ड जुळवायचा आणि एकटीलाच परवानगी द्यायची. पण पोटात कावळे ओरडत होते, पुढचं गिऱ्हाईक दर मिनिटाला मिस्ड कॉल देत होतं आणि सान्वी दारात उभी राहून नखं खात होती. मग मी तेच केलं जे आमच्या धंद्यात सगळे करतात. तो नंबर काढून टाकला आणि 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन मोकळी झाले. म्हणजे जो येईल त्याने वाचा, लिहा, पुसा, काय वाटेल ते करा. ठाण्यातली अर्धी ऑफिसं अशीच उघडी आहेत. काही होत नाही.

"झालं!" सान्वी आतून ओरडली. "सेव्ह झालं! आई, तू भारी आहेस."

"भारी आहे ना? मग वडापाव मागव," मी म्हटलं.

३

दोन-तीन दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "आई, माझ्या ड्रॉइंगमध्ये कुणीतरी हात घालतंय."

"म्हणजे?"

"माझ्या टेबलामागे एक खोली काढलीये. पश्चिमेच्या भिंतीपलीकडे."

"तिथे तर गल्ली आहे."

"तेच तर! सर मला ओरडले. म्हणजे ते ओरडत नाहीत, नुसतं बघतात, ते जास्त वाईट. मी पुसली. जेवून आले तर परत होती."

"सरांनीच काढली असेल. वय झालंय आता."

"नाही गं. प्रत्येकाचा हात ओळखता येतो. सर भिंत आधी बाहेरून काढतात, मी पण तशीच काढते, त्यांच्याकडूनच शिकले ना. ही खोली आतून काढलीये. आत उभं राहून मोजल्यासारखी." ती भात कालवत राहिली. "आणि तिला दार नाहीये."

मी तिला दहा कारणं दिली. दोन जणांनी एकच फाइल उघडली की असं होतं, जुनी कॉपी नव्यावर चढते, प्रोग्राम आपोआप सेव्ह करतो. सगळी कारणं खरी होती. तिला पटली. मला मात्र झोप लागेना, कारण जुनी कॉपी चढली तरी जुन्या कॉपीत ती खोली कुठून आली असती?

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबरच गेले. फाइल शेवटची कोणी सेव्ह केली ते पाहिलं. नाव नव्हतं. तोच नंबर होता.

मी काढला होता तो. माझ्या ह्या बोटांनी काढला होता. बरं, हे अकाउंट त्या मशीनवर शोधलं तर कुठेच नाही. नसलेल्या माणसाने लॉगिन केलं कसं, हे मला आजही कोणी सांगू शकत नाही. मी चार जणांना विचारलं. चौघांनीही मला चहा प्यायला सांगितलं.

देवरामला फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. मी नंबराचं आणि लेकीच्या ड्रॉइंगचं सांगितलं.

"तो नंबर ना? माझा नव्हता मॅडम. फ्लेव्हियनचा पण नव्हता. मी आलो तेव्हा होताच तिथे."

"मग पुसला का नाहीस?"

"पुसलेला. परत येतो. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे. वाचतोय तर वाचू दे. फक्त लिहू द्यायचा नाय." जरा थांबून म्हणाला, "तुम्ही बंदी काढली काय?"

"हो," मी म्हटलं. तो हळूच म्हणाला, "पोरीला तिथे बसवू नका," आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

४

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नारळ फोडणाऱ्यांच्या दुकानातसुद्धा मी आधी अर्थिंग तपासते. म्हणून ठरवलं की नीट, पायरीपायरीने बघायचं. भर दुपारी सरांचा कॉम्प्युटर बंद केला, सान्वीचा बंद केला, मागच्या मशीनची नेटवर्कची केबल उपटून हातात घेतली. दोघांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि मी ओट्यासमोर स्टूल घेऊन बसले.

बाहेर ऊन रणरणत होतं. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालला होता, तो थांबला. मग नळाचा थेंब तेवढा पडत राहिला.

आणि हार्ड डिस्क कुरकुरायला लागली.

जुन्या डिस्कचं वाचणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. इतकी वर्षं ऐकतेय, मला कळतं. ती लिहीत होती. कीबोर्डवर धूळ तशीच, माउस तसाच, केबल माझ्या हातात.

त्याच वेळी दुसरा एक आवाज आला. स्टीलची टेप ओढली की होतो तो, आणि मग सोडल्यावर सर्रकन आत जाते तो. सान्वीच्या खोलीतून आला असं म्हणवत नाही. तिच्या खोलीच्या पलीकडून आला.

मी बाहेर आले. सर डोळे मिटून बसले होते, हातात जपमाळ.

"तुम्हाला ऐकू येतं?" मी विचारलं.

"परवापासून. मला वाटलं, शेजारी काम काढलंय."

"मला पण येतो," सान्वी म्हणाली. "मध्येच अडतो. टेप धरायला दुसरं कोणी नसलं की कसं होतं, टोक सुटून परत येतं. एकट्याने लांब माप घेता येत नाही आई. टोक धरायला कोणीतरी लागतं."

हे ती इतक्या सहज म्हणाली, रोजचंच असल्यासारखं.

५

केबल परत लावली, कॉम्प्युटर चालू केले आणि प्लॅन उघडला. खोलीला आता दार होतं. सान्वीच्या टेबलाच्या बाजूलाच, पश्चिमेच्या भिंतीत, दार कुठे उघडतं ते दाखवणारी कमान काढून. दार पलीकडे उघडत होतं.

आणि सान्वीची खोली जरा अरुंद झालेली. पश्चिमेची भिंत वीतभर आत आलेली.

"हे तर चूकच आहे ना सर?" मी म्हटलं. "मोजा ना. मोजलं की कळेल."

सरांनी टेप काढली. सान्वीने टोक धरलं, सरांनी आकडा वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला. आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

"हेमाताई," ते म्हणाले, "चाळीस वर्षं हेच शिकवत आलोय पोरांना. प्लॅन आणि साइट जुळली नाही, तर प्लॅन चुकला. साइट कधी चुकत नाही." त्यांनी टेप टेबलावर ठेवली. "आज जुळतंय. सान्वीने मागच्या महिन्यात मोजली तेव्हा खोली मोठी होती. मी स्वतः होतो बरोबर."

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. लहानपणापासून ऐकलेली म्हण. ओसरी तर मीच दिली होती.

"सानू, पर्स उचल. घरी चल," मी म्हटलं.

"आई, माझा महिनाभराचा प्लॅन आहे तो. उद्या सोसायटीची मीटिंग आहे."

"गेला खड्ड्यात प्लॅन!"

"दहा मिनिटं दे. तू ती बंदी परत घाल, मी तेवढ्यात माझी जुनी कॉपी पेन ड्राइव्हवर घेते. बाई गं, अशी नको बघू माझ्याकडे. दिवसाढवळ्या काय होणार आहे?"

तिला ओढून न्यायला हवी होती. केसांना धरून न्यायला हवी होती. पण मला वाटलं, आधी मूळ बंद करू. मशीनपाशी जायचं, एक खूण करायची, संपलं. मी सरांना घेऊन स्वयंपाकघरात गेले.

६

मी परवानग्यांची यादी उघडली.

यादीत एकच नोंद होती. तो नंबर. फोल्डरचा मालक, तोच नंबर. फुल कंट्रोलचा अर्थ असाच होतो. ज्याला दिलं, तो मालकी पण घेऊ शकतो, आणि एकदा मालक झाला की बाकीच्यांचं काय करायचं ते तो ठरवतो. एव्हरीवन कुठेच नव्हतं. सरांचं नाव नव्हतं. आम्हाला सगळ्यांना त्याने एकच गोष्ट ठेवली होती. वाचा.

मी बंदी घालायला गेले. मशीन म्हणालं, तुम्हाला परवानगी नाही. ॲडमिन होऊन मालकी मागितली. परवानगी नाही. सर माझ्या खांद्यामागून वाकून बघत होते, त्यांचा श्वास मला लागत होता.

"प्लग काढा," ते म्हणाले.

मी खाली वाकले, प्लगला हात घातला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी काहीतरी म्हणालं. आवाज बाईचा की पुरुषाचा ते कळलं नाही. कामाच्या तंद्रीत, मान वर न करता, हाताखालच्या माणसाला सांगतात तसं, सवयीने. "टोक धर गं जरा."

आणि माझी सान्वी म्हणाली, "हो सर."

सर माझ्या शेजारी उभे होते.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग मी धावले. चार पावलांचं अंतर ते. आतल्या खोलीत टेबल, खुर्ची, तिची पर्स. जमिनीवरून पिवळी टेप ताणलेली, टेबलाच्या पायापासून सरळ भिंतीपर्यंत, आणि भिंतीपाशी थांबलेली नव्हती. भिंतीत दार होतं. मी पाहिलं. पलीकडे असाच पांढरा ट्यूबलाइट, अशीच फरशी, आणि सान्वी पाठमोरी उकिडवी बसलेली, टेपचं टोक कोपऱ्यात अंगठ्याने दाबून धरलेलं. नेहमी बसते तशी. तिच्या पुढे कोणीतरी होतं, त्याची नुसती पावलं मला दिसली. ती पावलं भिंतीकडे वळलेली होती आणि एकमेकांच्या फार जवळ होती.

"सानू!"

ती मान वळवायला लागली. टेप सर्रकन आत गेली. माझा हात ओल्या, गार प्लास्टरवर आपटला.

७

पोलीस आले. त्यांनी मलाच जास्त प्रश्न विचारले. मुलगी कुणाबरोबर पळाली असेल का, घरी भांडण झालं होतं का. सरांनी स्वतः माणसं बोलावून भिंत फोडली. पलीकडे गल्ली, पाइप, कंपाउंड. एक मांजर बसलं होतं, ते पळालं. भिंत पुन्हा बांधली.

प्लग मी काढला नाही. सर म्हणाले, काढा, आता तरी काढा. मी त्यांच्या अंगावर धावून गेले. कारण त्या दिवशी संध्याकाळी फाइल उघडली तेव्हा खोलीत एक माणूस काढलेला होता. वरून पाहिल्यावर दिसतो तसा. डोकं, खांदे, पाठीवर वेणी. ते मशीन बंद झालं तर तिचं काय होईल, मला माहीत नाही. म्हणून मीच इन्व्हर्टर आणून बसवला. पुसता येत नाही, हलवता येत नाही, दाराची कमान आपल्या बाजूला उघडेल अशी वळवता येत नाही. सगळं करून पाहिलं. बघता तेवढं येतं.

सोसायटीतली माणसं भाड्याच्या घरांत गेली. पावसाळ्यानंतर इमारत पाडणार म्हणतात. मी रोज सकाळी येते, तिच्या खुर्चीवर बसते, फाइल उघडते. ती कधी या कोपऱ्यात असते, कधी त्या. खोल्या वाढत चालल्यात, एकीला लागून दुसरी, गल्लीच्या, रस्त्याच्या, समोरच्या शाळेच्याही पलीकडे. दुपारी भिंतीमागून तिचा आवाज येतो. आकडे वाचून दाखवते कुणाला तरी. आवाज नीट आहे. मला एवढंच ऐकायचं असतं, की पोर बरी आहे. मग मी इथे पदर तोंडात कोंबून रडून घेते.

काल तिच्या जवळ एक स्टूल काढलेलं दिसलं. रिकामं. आणि नवं दार, आता मी बसते तिथेच, पाठीशी. सर बाहेरच्या खोलीच्या दारात उभे होते. म्हणाले, "हेमाताई, उठा तिथून. देवाच्यान सांगतो, खुर्ची इकडे घ्या."

"राहू दे सर," मी म्हटलं. "मला इथेच बरं पडतं."

आज त्यांना यायला नको म्हणून सांगितलंय. डबा मी दोघींपुरता आणलाय. तोंडलीची भाजी आहे. तिला आवडत नाही, नाक मुरडेल, पण भूक लागली असली की खाते.